ख्रिस्ती ईश्वरविद्या आणि निसर्गविज्ञान : आपण त्यातून काय घ्यावे?

(वर्षावास काळात संस्थेच्या अभ्यासवर्गात विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणाचा विषय फळ्यावर लागला तेव्हा काही कार्यकर्त्यांनी आम्हांला विचारले, वर्षावासाच्या मालेत पाद्र्यांचे काय काम? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आधी दिले पाहिजे.

आपल्या वक्तृत्व स्पर्धांत एक वाक्य हमखास येते. आमचा धम्म विज्ञाननिष्ठ आहे, आज विज्ञान जे सांगते ते तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगितले. वाक्याला टाळ्या पडतात, मुलगा किंवा मुलगी खाली बसते. आम्ही परीक्षक म्हणून बसलेलो असतो. पुढचा प्रश्न आम्ही विचारला की मात्र शांतता होते. विज्ञान नेमके काय सांगते? कोणी, कशावरून सांगितले? आणि सुत्तात नेमके कोठे, कोणत्या संदर्भात ते आले आहे? दोन्ही बाजूंचे वाचन नसताना दोन्हींची गाठ मारण्याचा हा प्रकार आहे. आपल्याच मुलांचे त्यात नुकसान होते, कारण विज्ञान शाखेत गेल्यावर पहिल्याच वर्षी कोणी उलट प्रश्न केला की ती गडबडतात. मग एक तर धम्म सोडतात किंवा विज्ञानाचा राग करतात.

धर्म आणि विज्ञान यांच्यामध्ये उभे राहून ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या खरोखर अभ्यास केला, ठेचा खाल्ल्या आणि त्यातून काही रीत बसवली, असे लोक ख्रिस्ती समाजात पुष्कळ आहेत. त्यांचा ईश्वर आपल्याला मान्य नाही, तो त्यांच्यापाशी राहो. पण त्यांची अभ्यासाची रीत पाहण्यासारखी आहे. ख्रिस्ती लोकांत ईश्वरविद्या, म्हणजे ज्याला ते थिऑलॉजी म्हणतात, ही रीतसर शिकण्याची विद्या आहे. तिचे ग्रंथ, परीक्षा, पदव्या, वाद सारे काही आहे. अशी विद्या शिकलेला माणूस दगड, झाड किंवा तारा यांच्या अभ्यासाला लागला म्हणजे काय होते, ते आज पाहू.

सुरुवात आपल्या दारातून करू. खोपोलीहून खंडाळ्याकडे मान वर करून पाहिले तर सह्याद्रीचा कडा पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. एक उभा कातळ, मग थोडी सपाटी, पुन्हा उभा कातळ. हा सारा काळा दगड म्हणजे बेसाल्ट, थिजलेला लाव्हा. तो एका वेळी आलेला नाही. एकावर एक असे त्याचे थर पसरत गेले आणि म्हणून या पायऱ्या पडल्या. सह्याद्रीत पुष्कळ ठिकाणी दोन काळ्या थरांच्या मध्ये तांबड्या मातीचा पट्टा दिसतो. वरचा थर येण्यापूर्वी खालच्या दगडाची झीज होऊन माती होण्याइतका काळ गेला होता, याची ती खूण आहे. आजच्या मोजणीप्रमाणे हा लाव्हा मुख्यतः सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या आसपास पसरला.

या दगडाच्या अभ्यासात एका मिशनऱ्याचे नाव पक्के बसले आहे, आणि तो मिशनरी आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याच्या नागपूरचा. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप. जन्म स्कॉटलंडमध्ये १८१७ चा. १८४५ साली ते नागपूरला आले. त्यांनी शाळा काढली, मराठी शिकले, गोंड लोकांच्या भाषेची आणि गाण्यांची टिपणे केली. त्यांच्या नावाचे हिस्लॉप कॉलेज नागपुरात आजही आहे. हे सारे मिशनरी करीतच असत. हिस्लॉप यांचे वेगळेपण असे की धर्मप्रचारासाठी गावोगाव हिंडताना त्यांची नजर जमिनीवर असे. रॉबर्ट हंटर या सहकारी मिशनऱ्याबरोबर त्यांनी नागपूरजवळच्या टाकळी परिसरात लाव्ह्याच्या थरांमध्ये सापडलेला गाळाचा पातळ थर तपासला. त्यात गोड्या पाण्यातील गोगलगायींचे शिंपले दगड होऊन पडले होते. वनस्पतींचे अवशेष होते, कीटकांच्या पंखांची कवचेसुद्धा होती. म्हणजे आज जेथे काळा कातळ आहे तेथे एके काळी तळे होते, त्याकाठी झाडे होती, भुंगे होते.

हे नमुने त्यांनी लंडनला तज्ज्ञांकडे पाठवले आणि तेथील भूशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात निबंध लिहिले. नागपूरच्या दक्षिणेस मांगली येथे सापडलेली एका उभयचर प्राण्याची कवटी रिचर्ड ओवेन या नामांकित शास्त्रज्ञाने १८५५ मध्ये वर्णन केली. हिस्लॉप यांच्या नावावरून एका खनिजाला हिस्लॉपाइट हे नावही मिळाले होते.

आता त्या काळाचा विचार करा. बायबलमधील वंशावळींची बेरीज करून जगाची निर्मिती इसवी सनापूर्वी ४००४ मध्ये झाली, असा हिशेब सतराव्या शतकात आर्चबिशप अशर यांनी मांडला होता, आणि तो पुष्कळ बायबलांच्या समासात छापला जात असे. इकडे भूशास्त्र लाखो वर्षांची भाषा बोलू लागले होते. हिस्लॉप ज्या फ्री चर्चचे मिशनरी होते त्या चर्चने यावर काय केले? १८४३ मध्ये ते चर्च वेगळे झाले आणि एडिंबरोला धर्मोपदेशक तयार करण्यासाठी त्यांनी न्यू कॉलेज काढले. तेथे १८४५ मध्ये निसर्गविज्ञानाचा एक प्राध्यापक नेमला, जॉन फ्लेमिंग. हे स्वतः पाद्री आणि प्राणिशास्त्रज्ञ. धर्मोपदेशकांच्या शाळेत निसर्गविज्ञानाचे आसन! त्यामागे धर्माचा बचाव करण्याचा हेतू होताच, तो नाकारण्याचे कारण नाही. पण बचाव करायचा तर समोरची विद्या आधी शिकली पाहिजे, एवढे त्यांना कळले होते. आम्हांला हे महत्त्वाचे वाटते.

हिस्लॉप यांनी ते अवशेष ज्या काळातले मानले, तो काळ पुढे बदलला. त्यांनी ते टर्शरी म्हणजे अलीकडच्या युगातले धरले होते. आज ते डायनासोरांच्या अखेरीच्या आसपासचे मानले जातात. तरी हिस्लॉप यांचे काम वाया गेले नाही. नमुना कोठे, कोणत्या थरात मिळाला हे त्यांनी नीट लिहून ठेवले होते, म्हणून पुढच्यांना त्यांची दुरुस्ती करता आली. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात बुडून त्यांचा अंत झाला. वय अवघे ४५. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपल्या बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. त्यासाठी ज्या मजुरांनी हेच कातळ फोडले आणि त्यात जे हजारो मेले, त्यांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत, हेही जाता जाता सांगितले पाहिजे.

दगडाकडून झाडांकडे येऊ. त्यासाठी खोपोलीच्या डोक्यावर, खंडाळ्याला जायचे. जेझुइट म्हणजे येशूसंघाच्या धर्मगुरूंचे तेथे निवासस्थान आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातील फादर मंडळी सुट्टीत तेथे येत. या कॉलेजात १९०६ साली फादर एथेलबर्ट ब्लाटर या स्विस धर्मगुरूने वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह सुरू केला. तोच आज ब्लाटर हर्बेरियम म्हणून ओळखला जातो. ब्लाटर १९३४ मध्ये वारले. त्यांच्या मागून आलेले फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव हे मूळचे स्पेनचे. जन्म १९०३ चा. त्यांनी खंडाळ्याच्या वनस्पतींचा अभ्यास करून १९५३ मध्ये ‘फ्लोरा ऑफ खंडाला’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे प्रमुख झाले, १९६७ मध्ये सरकारने त्यांना पद्मश्री दिली, १९७० मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

विद्यार्थ्यांनो, वनस्पतीचा नमुना कसा करतात ते समजून घ्या, कारण सारी गोम तेथे आहे. फूल किंवा फळ असलेली फांदी घ्यायची. ती कागदात पसरून दाबायची. आपल्या घाटातल्या पावसात कागद ओले होतात, बुरशी धरते, म्हणून ते वरचेवर बदलायचे. वाळली की जाड कागदावर डकवायची. मग कोपऱ्यात लिहायचे ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव, अनुक्रमांक. ही चिठ्ठी नसेल तर कितीही सुंदर नमुना असो, तो अभ्यासाच्या उपयोगाचा राहत नाही. उद्या कोणी म्हणाले की हे झाड ते नव्हेच, तर कपाट उघडून तोच कागद पुन्हा पाहता येतो. सांतापाव यांच्या अंगावर धर्मगुरूचा झगा होता, म्हणून त्यांच्या म्हणण्याला कपाटासमोर जास्त वजन मिळत नव्हते.

त्यांच्या खंडाळ्याच्या ग्रंथात प्रवचन नाही. झाडाचे नाव, वर्णन, कोठे सापडले, केव्हा फुलते, एवढेच. आपल्या ठाकूर-कातकरी वाड्यांत कारवीच्या काठ्यांचे कूड करून शेणामातीने लिंपतात, ती कारवी तुम्हां सर्वांच्या ओळखीची आहे. ती दरवर्षी फुलत नाही. सात-आठ वर्षांनी सारा डोंगर एकदम जांभळा होतो, मग बी धरून ती झाडे मरतात. ही कारवी ज्या कुळातली आहे त्या कुळावर सांतापाव यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिला, मुंबई इलाख्यातील अ‍ॅकँथेसी कुळाचा, १९५१ मध्ये. वाडीवरच्या म्हाताऱ्याला कारवी केव्हा फुलणार हे ठाऊक असते. फादरांनी ते कागदावर, तारखेनिशी आणले. दोन्ही ज्ञानच आहे. पण कागदावरचे तपासता येते आणि दूरच्या माणसालाही वापरता येते. वाडीवरचे ज्ञान आपल्यातल्या कोणी लिहून घेतले, तर ते म्हाताऱ्याबरोबर जाणार नाही.

कोणी म्हणेल, हे धर्मगुरू होते आणि शास्त्रज्ञही होते, पण ईश्वरविद्या व विज्ञान या दोहोंचा एकत्र अभ्यास यात कोठे आहे? बरोबर आहे. सांतापाव यांनी ती दोन खाती वेगळी ठेवली. एकत्र अभ्यास पाहायचा तर घाट चढून पुण्याला जावे लागेल.

पुण्यात नगर रस्त्यावर ज्ञानदीप विद्यापीठ आहे. धर्मगुरू घडवणारी ही संस्था १८९३ मध्ये श्रीलंकेत कँडीला सुरू झाली, जेथे बुद्धांच्या दंतधातूचे मंदिर आहे त्याच गावी, आणि १९५५ मध्ये पुण्यास आली. येथे विज्ञानाचे तत्त्वज्ञान शिकवणारे जेझुइट प्राध्यापक फादर जॉब कोझमथडम यांचा केप्लरवरील ग्रंथ १९९४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. केप्लरच्या नियमांच्या शोधात विज्ञान, तत्त्वज्ञान आणि धर्म यांचा एकमेकांवर कसा परिणाम झाला, हा त्याचा विषय. धर्म आणि विज्ञान यांच्या अभ्यासासाठी त्यांनी पुण्यात संस्थाही उभारली.

केप्लरची गोष्ट थोडक्यात अशी. जन्म १५७१, जर्मनीत. पाद्री होण्यासाठी ईश्वरविद्या शिकला आणि १५९४ मध्ये गणिताचा शिक्षक होऊन बसला. ग्रह वर्तुळात फिरतात, कारण आकाशातील गती परिपूर्ण असणार आणि परिपूर्ण आकृती म्हणजे वर्तुळ, अशी त्या काळची पक्की समजूत होती. केप्लरने टायको ब्राहे या निरीक्षकाच्या नोंदी घेऊन मंगळाचा मार्ग वर्तुळात बसवण्यासाठी वर्षानुवर्षे आकडेमोड केली. शेवटी फरक राहिला अवघ्या ८ कलांचा. पौर्णिमेच्या चंद्राची रुंदी आपल्याला दिसते त्याच्या साधारण चौथा भाग! दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, चालायचेच, नोंद घेताना चूक झाली असेल. केप्लरने टायकोच्या नोंदींवर भरवसा ठेवला आणि वर्तुळ सोडून दिले. १६०९ मध्ये त्याने लिहिले की मंगळ लंबवर्तुळात फिरतो.

यात त्याच्या धर्मश्रद्धेचा वाटा काय? निर्मात्याने जग मापात घडवले आहे, तेव्हा हिशेब जुळलाच पाहिजे, ही त्याची श्रद्धा त्याला बळ देत होती. तीच श्रद्धा वर्तुळाकडेही ओढत होती. एकच श्रद्धा मदतही करते आणि अडवतेही. कोणत्या ठिकाणी काय झाले हे मूळ कागद वाचून दाखवणे हे संशोधन. धर्म विज्ञानाचा शत्रू किंवा धर्म विज्ञानाचा जनक अशी घोषणा द्यायला मूळ कागद वाचावे लागत नाहीत, आणि म्हणूनच घोषणा पुष्कळ आहेत.

आता आमच्या मते आजच्या विषयातील सर्वांत बोधप्रद प्रसंग. जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू आणि लुव्हेंच्या विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. १९२३ मध्ये त्यांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली. १९२७ मध्ये त्यांनी आइन्स्टाइनच्या समीकरणांवरून दाखवले की विश्व प्रसरण पावत असले पाहिजे. आइन्स्टाइन त्यांना म्हणाला, तुमचे गणित बरोबर आहे पण भौतिकशास्त्र भयंकर आहे. पुढे १९२९ मध्ये हबल याच्या निरीक्षणांनी आकाशगंगा दूर जात असल्याचे दिसले. १९३१ मध्ये लमेत्र यांनी विश्वाची सुरुवात एका आदिम अणूपासून झाली असावी अशी कल्पना मांडली. यालाच पुढे बिग बँग हे नाव पडले.

साहजिकच धर्मपीठाला आनंद झाला. २२ नोव्हेंबर १९५१ रोजी पोप बारावे पायस यांनी भाषणात असे सुचवले की विज्ञान आता निर्मितीच्या क्षणाची साक्ष देत आहे. वक्तृत्व स्पर्धेत टाळ्या घेणारे वाक्य ते हेच, फक्त धर्म वेगळा. लमेत्र यांना ते रुचले नाही. आपला सिद्धांत धर्माच्या प्रश्नापासून अलिप्त आहे; नास्तिकालाही तो तपासता आला पाहिजे आणि उद्या तो चुकीचा ठरला तर श्रद्धेलाही धक्का लागता कामा नये, अशी त्यांची भूमिका होती. पोपपर्यंत हे म्हणणे पोचवले गेले. १९५२ मध्ये पोप खगोलशास्त्रज्ञांपुढे पुन्हा बोलले, तेव्हा तो दावा त्यांनी केला नाही. विश्वाच्या आरंभीच्या उष्णतेचे अवशेष १९६५ मध्ये सापडले आणि ती बातमी लमेत्र यांना १९६६ मध्ये मृत्यूपूर्वी कळली. आपल्या धर्माला फायद्याचा वाटणारा दावा पुढे रेटण्याची सर्वांत मोठी संधी ज्याच्याकडे होती, त्यानेच तो रेटू दिला नाही.

दुसरी बाजू लपवायची नाही. १६३३ मध्ये गॅलिलिओला चर्चच्या न्यायासनाने दोषी ठरवले, आणि चूक झाली हे पोपच्या तोंडून स्पष्ट ऐकायला १९९२ साल उजाडावे लागले. तेयार द शार्दँ हा जेझुइट प्राचीन मानवाच्या अवशेषांचा अभ्यासक. उत्क्रांती आणि ख्रिस्ती श्रद्धा यांची सांगड घालणारे त्याचे मुख्य ग्रंथ वरिष्ठांनी त्याच्या हयातीत छापू दिले नाहीत. १९५५ मध्ये तो वारल्यावर ते प्रसिद्ध झाले. लमेत्र यांचे ऐकले गेले, तेयारचे नाही. जेथे वरून परवानगी घ्यावी लागते तेथे संशोधन बेताचेच होते, असे आमचे मत आहे.

आपल्यावर अशी परवानगी घेण्याची पाळी नाही. बाबासाहेबांनी आपल्याला जो धम्म दिला त्यात कोणी पोप नाही. केवळ परंपरा आहे किंवा ग्रंथात आहे म्हणून मानू नका, हे कालामांना सांगितलेले आपण नेहमी ऐकतो. मग आपले काम ख्रिस्ती लोकांहून सोपे असायला हवे. पण मोकळीक असून आपण तिचा उपयोग किती केला? ‘द इसेन्स ऑफ बुद्धिझम’ हा ग्रंथ १९०७ मध्ये लिहिणारे पी. लक्ष्मी नरसू हे मद्रासचे विज्ञानाचे प्राध्यापक होते. १९४८ च्या आवृत्तीला बाबासाहेबांनी प्रस्तावना लिहिली. प्रयोगशाळेत शिकवणारा माणूस धम्मावर लिहितो, ही वाट आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी पडली होती. त्या वाटेने आपल्या तालुक्यातून कोण गेले?

पाली शिकलेला आणि जीवशास्त्रही शिकलेला एखादा विद्यार्थी आपल्या विहारातून निघाला, तर अनित्यतेवर तो जे बोलेल ते आमच्यासारख्यांच्या भाषणाहून निराळे असेल. कदाचित तो म्हणेल की अमुक सुत्ताचा आणि अमुक सिद्धांताचा काही संबंध नाही, तुम्ही उगाच जोडता. ते ऐकून घेण्याची तयारी आपल्या पदाधिकाऱ्यांनी आतापासून ठेवावी. लमेत्र यांचे पोपने ऐकले, मग आपल्या मुलांचे ऐकायला आपल्याला काय हरकत आहे?

तोंडी बोलणे पुरे. पाऊस ओसरल्यावर संस्थेच्या वतीने विद्यार्थ्यांना कोंडाण्याच्या लेण्यांवर न्यायचे ठरले आहे. कर्जतहून कोंदिवडे आणि तेथून राजमाचीच्या पायथ्याने चढ आहे. चैत्यगृहाच्या डाव्या अंगाला भग्न शिल्पाजवळ ब्राह्मी अक्षरांत एक ओळ कोरलेली आहे, की हे कण्हाचा शिष्य बलक याने केले. ती ओळ प्रत्येकाने आपल्या वहीत उतरवून घ्यायची, दिसतील तीच अक्षरे, मनाने भर घालायची नाही. त्याच वहीत लेणे ज्या कातळात खोदले त्याचे थर काढायचे, आणि वाटेवरच्या पाच झाडांची पाने, ठिकाण व तारीख लिहून, जुन्या वर्तमानपत्रात दाबून आणायची. झाडाचे नाव ठाऊक नसेल तर वाटेतल्या वाडीवर विचारा, आणि सांगणाऱ्याचे नाव त्याच्या परवानगीने खाली लिहा. वह्या संस्थेच्या वाचनालयात जमा होतील. नावे नोंदवण्यासाठी सभा संपल्यावर ग्रंथपालांकडे यावे.

जयभीम, नमो बुद्धाय.